चार तासांचं गाव

हरेश्वर तांडेल स्पेन देशातल्या एका डोंगरावरच्या गावात एकूण चार तास होता. हे मी अंदाजाने म्हणत नाही, मोजलेलं आहे. तिथे काढलेल्या फोटोंपैकी पहिल्यात त्याच्या मागे घड्याळाचा मनोरा दिसतो, त्यात अकरा वाजून दहा मिनिटं झाली आहेत. शेवटच्या फोटोत तोच मनोरा, आणि तीन वाजून पाच मिनिटं. म्हणजे चार तासांनाही पाच मिनिटं कमीच. एवढ्या भांडवलावर हा माणूस पुढे सोळा-सतरा वर्षं जगला, आणि आम्हां शेजाऱ्यांनाही त्यातच जगायला लावलं.

समोर मी त्याला साहेब म्हणत असे. आमचे हे त्याच्याच कारखान्यात स्टोअरला होते, म्हणून म्हणावं लागे. इथे मात्र 'तो'च म्हणणार. कागदावर तरी माणसाने मोकळं बोलावं.

त्या गावाचं नाव लिहीत नाही, कारण ते तो दर वेळी निराळं सांगायचा. पहिल्या वर्षी नाव लहान होतं, मग त्याला पुढे एक शेपूट लागलं, मग मागे एक 'सान' की काय आलं. मी एकदा विचारलं, "साहेब, मागच्या दिवाळीला तर तुम्ही वेगळं म्हणाला होतात?" तर म्हणाला, "वहिनी, तिकडे गावांना दोन-दोन नावं असतात. तुम्हाला नाही कळणार."

'तिकडे' हा त्याचा शब्द. सकाळी दूधवाला उशिरा आला, की "तिकडे तसं नसतं." वीज गेली, की "तिकडे तसं नसतं." शेजारच्यांचं कोणी वारलं नि आम्ही बायका रडत उभ्या होतो, तर तिथेही हा हळूच आमच्या ह्यांना म्हणाला, "तिकडे एवढा आवाज करत नाहीत."

आणि हा मूळचा कुठला? तर मुरब्याचा. बोईसरहून एसटीने तासाभरावर. मांगेल्यांचं, म्हणजे मच्छीमारांचं घर, बाप लवकर गेलेला. आई, पारूबाय, डोक्यावर सुक्या मासळीची टोपली घेऊन मनोर-विक्रमगडपर्यंत पाडे हिंडली आणि तिने याला शिकवला. हा फिटर झाला, मग सुपरवायझर झाला, बोईसरला कारखान्यांच्या मागे प्लॉट घेऊन घर बांधलं. यातलं काहीच वाईट नाही. माणूस हुशार होता हे मी नाकारत नाही. आमचे हे सांगायचे, की यंत्राला नुसता हात लावून त्याला कळे कुठे दुखतंय. यंत्राचं कळे. तेवढंच कळे.

कारखान्यात कपड्यांचे रंग बनायचे. ती रंगाची ओली भुकटी सुकवायला परदेशातून एक मोठं यंत्र आणायचं ठरलं आणि ते चालवायला शिकायला याला पंधरा दिवस स्पेनला पाठवलं. त्या वेळी बोईसरातून परदेशी गेलेला माणूस म्हणजे केवढं! आम्ही स्टेशनवर हार घेऊन गेलो होतो. मीसुद्धा गेले होते, खोटं कशाला बोलू. चौदा दिवस तो यंत्राजवळ उभा होता, आणि मधल्या एका रविवारी त्या लोकांनी त्याला गाडीत घालून जवळचं जुनं गाव दाखवून आणलं. परत आला तेव्हा यंत्राबद्दल एक अक्षर बोलला नाही. सगळं ते गाव.

पहिल्याच महिन्यात त्याने कोणाचा तरी स्लाइडचा प्रोजेक्टर आणला आणि हॉलमध्ये पांढरी चादर लावून आम्हा पंधरा-वीस जणांना खाली बसवलं. काय सांगू तुम्हाला! दरीवर एक जुना दगडी पूल होता म्हणे, आख्ख्या देशात नाव असलेला. फोटोत पुलाच्या ऐवजी हा. कमरेवर हात, गळ्यात कंपनीने दिलेला मफलर. पूल त्याच्या डाव्या कानाकडून थोडा आणि उजव्या कानाकडून थोडा दिसत होता. मग एक देऊळ, म्हणजे त्यांचं चर्च. त्याच्या कमानीच्या बरोबर मधोमध हा. मग एक चढती गल्ली, पांढरी घरं, खिडक्यांना लोखंडाचे नक्षीचे गज, कुंड्या. ते खरंच सुंदर होतं हो, मी डोळे फाडून बघत होते. पण त्या गल्लीतही हा उभा. माझ्या शेजारी बसलेली त्याची बायको मंदा हळूच म्हणाली, "वहिनी, घरात बघतेच आहे, तिकडेही हेच बघायचे का?"

आणि मग तो फोटो आला. एक दुकान, आणि आढ्याला ओळीने डुकराच्या तंगड्या टांगलेल्या. खुरासकट. पन्नास तरी असतील. बायकांनी तोंडाला पदर लावले.

"हे बघा!" तो चादरीपुढे येऊन उभा राहिला, आता तंगड्या त्याच्या शर्टावर पडल्या. "याला म्हणतात खामोन. ख घशातून काढायचा. म्हणा, खामोन."

आम्ही म्हटलं. म्हणावंच लागलं.

"मिठात घालतात आणि वाऱ्यावर टांगतात. दोन दोन वर्षं! वरून बुरशी येते, ती पुसतात. आणि मग कागदासारखा पातळ तुकडा काढायचा..." इथे त्याने डोळे मिटले. "त्याची चव सांगता येत नाही."

मागून मुरब्याचाच एक कामगार म्हणाला, "म्हंजे खाराच की हो साहेब. आमच्या आयाबाया दाढ्याचा करतात तसा." दाढा म्हणजे मोठा मासा, तो चिरून, मीठ भरून सुकवला की त्याला आमच्याकडे खारा म्हणतात.

तो असा काही वळला, की जणू त्याच्या मफलरावर कोणी थुंकलं. "खारा! अरे, ती कला आहे. युरोपची कला. तुम्ही लोक वाळूत सुकट पसरता आणि कुत्री तुडवतात. काय तुलना करतो?"

तो कामगार पुढे कधी स्लाइडना आला नाही. आम्हाला मात्र दर गणपतीत, दर दिवाळीत त्या तंगड्या बघाव्या लागल्या.

दुसऱ्या वर्षी त्याने कमान बांधली. त्या गावात म्हणे दोन खोल्यांमध्ये दारं नसतात, दगडी कमानी असतात. म्हणून याने हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली चौकट फोडली आणि गवंड्याला तो चर्चचा फोटो दाखवला. गवंडी जव्हारकडचा, शांत माणूस. फोटो उलटासुलटा करून म्हणाला, "साहेब, यात तुमीच हायत. कमान कुठं हाय?" तरी बिचाऱ्याने बांधली. बांधता बांधता तीनदा सांगितलं, "साहेब, इतकी खाली घेतली तर फ्रीज आत जाणार नाय." याचं उत्तर ठरलेलं. तिकडे तशाच असतात. गिलाव्यावर दगडांच्या रेघा ओढल्या, राखी रंग दिला. आणि फ्रीज खरंच आत गेला नाही. तो पुढे सगळी वर्षं व्हरांड्यात उभा होता. पोस्टमन येऊन हाताने गार पाणी घ्यायचा. मंदा दुधाच्या पातेल्यासाठी दिवसातून वीस वेळा वाकून त्या कमानीखालून ये-जा करायची. तिच्या कपाळाला कायम एक टेंगूळ असे.

पारूबाय त्या घरात राहायला आली ती याच सुमारास. पावसात मुरब्याच्या घराचं अर्धं छप्पर बसलं, आणि गावातले लोक बोलायला लागले, की मुलगा विमानात बसला नि आई भिजते. तेव्हा पाऊस सरल्यावर हा तिला घेऊन आला. आली ती दारात उभी राहून कमानीकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "हरी, घरात ही उलटी व्हडी कशाला घातलीस?"

मी तेव्हा तिथेच होते. हसू दाबता दाबता माझ्या हातातला चहा सांडला. त्याच क्षणापासून मला ती बाई आवडली.

सत्तरीला टेकलेली, काळीभोर, ताठ. हात असे की हिवाळ्यात मीठ लागून चिरलेले ते उन्हाळ्यातही तसेच. मी केळव्याची, माझं माहेर तिला ठाऊक होतं. ती मला नावाने कधी हाक मारत नसे. "ए केल्व्याची" म्हणायची. आली त्याच्या चौथ्या दिवशी ती गच्चीवर गेली, बांबू उभे केले, दोऱ्या बांधल्या, आणि सातपाटीहून ओले बोंबील मागवून ते जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगले. मी वर गेले तर म्हणाली, "मना पोराजवल मरायचा हाय, केल्व्याची. पन रिकाम्या हातानी नाय."

हे तिचं एकच मागणं होतं. जेवण काय द्याल ते, झोपायला कोपरा. पण हातात काम. सुकवायचं, टोपली भरायची, आमच्यासारख्या चार घरांत नेऊन द्यायचं. तिच्या मासळीला कधी अळी धरली नाही, कधी बुळबुळीतपणा नाही. सगळ्या किनाऱ्यावर हे तिचं नाव होतं, आणि त्या नावाला ती जपत होती. दुसरं जपायला तिच्याकडे काही नव्हतंच.

त्याने गच्ची पाहिली आणि घर डोक्यावर घेतलं. आता बघा हं, आम्ही राहायचो ती जागा कसली? मागच्या नाल्याला एक दिवस लाल पाणी, एक दिवस हिरवं. सकाळी खिडकी उघडली की डोळे चुरचुरायचे. कपडे वाळत घातले तर त्यांच्यावर निळे ठिपके. त्या हवेत याच्या नाकाला बोंबील लागले! मंदा मध्ये पडली, रडली, तेव्हा त्याने आईला अट घातली. आम्हा सगळ्यांच्या देखत.

"ठीक आहे आय. गच्चीच्या मागच्या कोपऱ्यात. पण घरात एक दिवस जरी कुजका वास आला, एक दिवस, तर टोपली नाल्यात. मग ऐकणार नाही."

पारूबाय म्हणाली, "सुकलेल्या मासलीला मासलीचा वास येतो. कुजका वास कुजल्याला येतो. माझी मासली कदी कुजली नाय." आणि जाऊन दोऱ्या ताणायला लागली.

दोन-अडीच वर्षं हे असं निभावलं. मग कारखान्यात तसलंच दुसरं यंत्र घ्यायची बोलणी सुरू झाली. पुन्हा कोणीतरी पंधरा दिवस जाणार. त्याआधी यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन पाहणी करणार, आणि तो ज्याचं नाव सुचवेल तो जाणार. तांडेलची झोप उडाली. तो उठता-बसता आमच्या ह्यांना म्हणायचा, "पाहुण्याला घरी जेवायला बोलावतो. आणि पानात काय वाढतो माहीत आहे? खामोन! माझ्या हाताने केलेला. स्पेनचा माणूस बोईसरात खामोन खाईल आणि रडेल बघ!"

डिसेंबरात तो वसईला गेला आणि तिथल्या ख्रिस्ती खाटकाकडून डुकराची आख्खी तंगडी घेऊन आला. गोणपाटात गुंडाळलेली, खूर बाहेर. स्वयंपाकघराला लागून कोठीची खोली होती, तिथून मंदाचे डाळ-तांदळाचे डबे बाहेर काढले. परातीत तंगडी ठेवून वर मीठ चोळलं, दोन दिवस ठेवली आणि तिसऱ्या दिवशी आढ्याच्या हुकाला टांगली. खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवली. दाराला कुलूप.

पारूबाय दारात उभी राहून तिन्ही दिवस बघत होती. तिसऱ्या दिवशी तिला राहवलं नाही.

"हरी, दोन दिसांत काय मीठ लागतंय रे येवढ्या मांसाला? हाडाजवल पोचला पायजे. पयला पानी निघू दे. ते निघालं नाय तर आतून जाईल."

"आय, हे बोंबील नाहीत."

"ते ठावं हाय मना. म्हनून सांगते. बोंबलाला हाड नाय येवढा. आनि खिडकी का लावलीस? वारा नको? आता उत्तरेचा वारा हाय तवर गच्चीवर टांग. म्हैन्याभरानी वारा फिरंल, मंग हाती काय लागायचा नाय."

"तिकडे तळघरात टांगतात. अंधारात."

"तिकडं थंडी असंल. हितं हाय का?"

तो खो खो हसला. मला म्हणाला, "बघा वहिनी, युरोपला सुकवायचं शिकवायला निघाल्या आमच्या मातोश्री."

आणि मी, मी पण थोडी हसले. साहेब हसले की हसायची सवय लागली होती.

जानेवारी गेला, फेब्रुवारी आला, वारा फिरला. कोठीच्या फटीतून वास यायला लागला. आधी गोडसर, मग असा की मंदा नाकाला ओढणी बांधून पोळ्या लाटायची. उदबत्त्यांचे पुडे संपले. "पिकतोय," तो म्हणायचा. "मुरायला लागलाय." कुलूप मात्र उघडत नव्हता. मला वाटतं त्यालाही कळलं होतं. पण आत बघितलं असतं तर कळल्यासारखं झालं असतं.

पाहुणा यायचा दिवस ठरला. मंदाने मला मदतीला बोलावलं, आमचे हेही जेवायला होते. कोंबडीचा रस्सा, पुलाव, सगळं सकाळपासून. तांडेलने सूट घातला होता. गाडी थांबली, हा कमानीखाली जाऊन उभा राहिला, फोटोत असतो तसा. आणि दारातून आत आले ते पांढऱ्या शर्टातले, हातात छत्री घेतलेले, साठीचे शहाभाई. बडोद्याचे. स्पेनच्या कंपनीने एवढ्या लांब स्वतःचा माणूस कशाला पाठवावा? इथला एजंट पाठवला होता.

बसल्या बसल्या ते हात जोडून म्हणाले, "तांडेलभाई, तकलीफ मत करना. हम जैन हैं. कांदा-लसूण भी नहीं चलता. थोड़ा दाल-चावल."

मी कमानीच्या आत उभी होते. तांडेलचं तोंड मला दिसलं. आयुष्यात इतकं समाधान मला क्वचितच मिळालंय, देव मला क्षमा करो. मंदाने रश्श्याचं पातेलं टेबलाखाली सरकवलं आणि मी घाईघाईने फोडणीशिवायचं वरण लावलं, काकडी चिरली.

पण वास कुठे सरकवणार? पानं वाढली, शहाभाईंनी पहिला घास घेतला आणि खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. बिचारे सभ्य होते. दुसरा घास हातातच राहिला. मग हळूच विचारलं, "अंदर कुछ मर गया है क्या? चूहा-वूहा?"

तांडेल हसला. कसं हसला ते मला अजून दिसतं. "क्या बताऊँ शहासाब. मेरी माँ है. सूखी मछली रखती है. कितनी बार बोला, गाँव की आदत जाती नहीं."

पारूबाय गच्चीच्या जिन्यावरून उतरत होती. हिंदी तिला चांगलं कळे. बोईसरात राहून बिहारच्या कामगारांना मासळी विकलेली बाई ती. शेवटच्या पायरीवर थांबली. आमचे हे पानात बघत होते. मंदा माझ्याकडे बघत होती. माझ्या हातात वरणाची वाटी होती. मी म्हणू शकले असते, "साहेब, कोठी उघडा." तीनच शब्द होते. पण आमच्या ह्यांच्या बढतीचा कागद त्या आठवड्यात त्याच्या सहीला होता. मी वाटी टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "शहाभाई, अजून थोडं वरण?"

पारूबाय म्हणाली, "हरी, कोठीचं दार उघड."

"आय, आत जा."

"दार उघड, म्हंजे पावन्यालाबी कललं काय कुजलं ते."

तेव्हा त्याने हाक मारली. तिला नव्हे, बाहेरच्या वॉचमनला. "गच्चीवर टोपली आहे, ती उचल आणि नाल्यात टाक. आत्ता!" आणि शहाभाईंकडे वळून, "बस, अब ठीक हो जाएगा."

आख्ख्या हंगामाची टोपली. वॉचमन जिन्यावरून घेऊन गेला तेव्हा ती बाजूला सरली, त्याला वाट दिली. खिडकीतून मी पाहिलं. त्या दिवशी पाणी हिरवं होतं. बोंबील वर तरंगत राहिले, चांगले खडखडीत वाळलेले, बुडेचनात.

आणि वास? वास होता तिथेच होता. उन्हं तापली तसा वाढला. शहाभाई वरणाचे दोन घास खाऊन उठले, छत्री घेतली, हात जोडले. स्पेनला पुढे वाणगावचा एक तरुण इंजिनियर गेला.

संध्याकाळी तांडेल बाहेर निघून गेला आणि मंदाने विळ्याने कुलूप फोडलं. मी काही वर्णन करणार नाही. हाडाजवळून गेलं होतं, पारूबायने सांगितलं होतं तिथूनच, आणि जमिनीवर अळ्या चालत होत्या. आम्ही दोघींनी फिनेल टाकून खोली धुतली. मध्येच मंदा झाडू तसाच धरून हसायला लागली. हसते की रडते कळेना.

"वहिनी, तुम्हाला एक सांगू? त्यांनी ते खाल्लंच नव्हतं हो."

"काय?"

"ते खामोन. त्या रविवारी संकष्टी होती. परीक्षेत पास झाल्यापासून धरतात ना ते. तिकडे चंद्र कधी उगवतो कोणाला ठाऊक, म्हणून दिवसभर नुसतं संत्र्याचं पाणी पिऊन फिरले. त्या लोकांनी पानात वाढलं होतं. हात लावला नाही. मला आल्या दिवशी सांगितलं आणि कोणाला सांगू नकोस म्हणून शपथ घातली."

मी तिथेच ओल्या फरशीवर बसले. इतकी वर्षं डोळे मिटून सांगायचा, चव सांगता येत नाही! खरंच होतं ते. कशी येणार? आणि त्या न चाखलेल्या चवीसाठी या माणसाने, जिच्या हाताला मीठ कळतं अशा एकुलत्या एक माणसाला...

जाऊ दे.

सकाळी पारूबाय निघाली. बांबू सोडून ठेवले होते, दोऱ्यांची गुंडाळी काखेत, दुसऱ्या हातात पिशवी. तांडेल आत दाढी करत होता, नळाचा आवाज येत होता. मी माझ्या दारात होते. ती माझ्यासमोर थांबली.

"तुलाबी ठावं होता ना, केल्व्याची?"

"हो."

"मंग?"

ती थोडा वेळ वाट बघत उभी राहिली. खरंच वाट बघत होती, टोमणा नव्हता तो. मग गेली.

आमच्या ह्यांची बढती झाली. तेही लिहून टाकते.

पुतण्याने तिला मुरब्यात छप्पर घालून दिलं आणि ती पुन्हा वाळूवर बसायला लागली. मी दर मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी घ्यायला तिच्याकडेच जात असे. मला पाठ दाखवली नाही तिने. चांगले बोंबील निवडून द्यायची, मंदाची चौकशी करायची, तिचं टेंगूळ कसं आहे विचारायची. मुलाचं नाव काढत नसे. मी एकदा काढलं तर म्हणाली, "वारा बरा हाय आज," आणि उठून गेली.

आणि तो? तो बदलला असेल असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही असली माणसं पाहिलेली नाहीत. पुढच्या दिवाळीला पुन्हा चादर लागली. मंदा आत बसली, आम्ही चौघंच होतो. आता त्यात भर पडली होती: त्या दुकानाच्या मालकाने म्हणे याला आत नेऊन स्वतःच्या हाताने तुकडा भरवला होता. आईबद्दल कोणी विचारलं की म्हणायचा, "तिला इथली हवा मानवत नाही. तिला गावच बरं." आणि ऐकणारे मान हलवायचे, कारण तेही त्याच्या हाताखाली होते.

कारखाना बंद पडला तेव्हा त्याचं साहेबपण गेलं. मंदा मुलीकडे नाशिकला वरचेवर राहायला लागली. मी त्याच्या घरी जाणं सोडलं होतं, ते सोपं झालं होतं ना आता.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते बोईसरच्या एसटी स्टँडवर. मे महिन्याची सकाळ, मी रिकाम्या पिशव्या घेऊन मुरब्याच्या गाडीची वाट बघत होते. तो बाकावर होता. केस काळे केलेले, मुळाशी पांढरे. मला बघून उठला आणि एकदम विचारलं, "मुरब्याला का?"

"हो."

"दर वर्षी जाता?"

"दर वर्षी."

त्याने माझ्या रिकाम्या पिशव्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "कशी हाय ती?"

'हाय' म्हणाला तो. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून तो बोल मी पहिल्यांदा ऐकला. तासाभरावर राहणाऱ्या स्वतःच्या आईची खुशाली शेजारणीला विचारत होता.

"गुडघे गेलेत. कमी दिसतं. पण बसते वाळूवर."

"माझं काही विचारते?"

मी जन्मभर लोकांना बरं वाटेल असं बोलत आले. त्या वाटीभर वरणापासून तर जास्तच. तोंडात आलंही होतं, की हो, विचारते ना. पण म्हटलं, "नाही. कधीच नाही."

त्याने मान हलवली. गाडी लागली. मी चढले, खिडकीशी बसले. तो मागोमाग दारापर्यंत आला, दांडा धरला, एक पाय पायरीवर ठेवला. गाडी अर्धी रिकामी होती. माझ्या शेजारची जागाही. मी पिशव्या उचलून मांडीवर घेतल्या.

कंडक्टर म्हणाला, "काका, चढताय का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या शेजारच्या जागेकडे.

"नाही हो," तो साहेबी आवाजात म्हणाला, "सोडायला आलोय," आणि पाय खाली घेतला.